चमच्यांवर परत परत तांबूस ठिपके येतात? आधी हे बघा, मग चमचे बदलायचं ठरवा

आमचं भांडी भाड्यानं द्यायचं काम आहे, कोल्हापुरातच. लग्न, बारसं, वास्तुशांत, जत्रेची जेवणं, सगळीकडं आमची ताटं-वाट्या-चमचे जातात आणि परत आलेला माल मोजून, बघून, निवडून ठेवायचं काम माझ्याकडं आहे. त्यामुळं गल्लीतल्या, नात्यातल्या बायकासुद्धा आता घरचे चमचे पिशवीत घालून माझ्याकडं घेऊन येतात. तक्रार सगळ्यांची एकच असतेय, स्टेनलेस म्हणून घेतलं, घासलं की चकचकीत होतंय आणि दोन-चार दिवसांनी परत तांबूस ठिपके. पुसले की जातात, परत येतात. शेवटी कंटाळून सेट भंगारात आणि नवीन सेट घरात, आणि त्या नवीन सेटवर पण पावसाळ्यात तेच.

माझं सांगणं एवढंच आहे की ठिपका नेमका कुठं पडलाय ते बघितल्याशिवाय चमच्याला दोष देऊ नका. बऱ्याच वेळा तो गंज चमच्याचा नसतोच, बाहेरनं येऊन त्याच्यावर बसलेला असतोय, आणि तसं असेल तर नवीन चमचे आणून काही फरक पडत नाही.

आधी लक्षणं. सगळे चमचे एका पांढऱ्या कपड्यावर पसरा आणि खिडकीजवळ उजेडात बघा.

– टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके, इकडंतिकडं विखुरलेले, नखानं खरवडले की निघतात आणि खाली स्टील गुळगुळीत लागतंय.
– ठिपका निघतो पण खाली बारीक खड्डा राहतो, नख फिरवलं की अडकतंय.
– सगळ्या चमच्यांना साधारण एकाच जागी डाग, म्हणजे दांड्याच्या टोकाला किंवा टोकापासनं ठरावीक उंचीवर.
– काट्याच्या दातांच्या मधल्या खाचेत, नाहीतर नाव घातलेल्या अक्षरांत तांबूस-काळपट रेघा.
– फक्त सुऱ्यांना गंज, चमचे-काटे स्वच्छ.
– वरचा थर पोपड्यासारखा सुटतोय आणि खाली काळं-तांबडं लोखंड दिसतंय.
– प्लॅस्टिक किंवा लाकडी मूठ आहे आणि मूठ जिथं बसवलीय तिथनं तांबडं पाणी येतंय.

ह्याच्याशिवाय तीन डाग असे आहेत की जे लोक गंज म्हणून घेऊन येतात पण तो गंज नसतोय. पांढरट, खडूसारखे थेंबाच्या आकाराचे डाग म्हणजे पाण्यातला क्षार, बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात हे हमखास दिसतंय. निळसर-जांभळट-सोनेरी झाक म्हणजे स्टील जास्त तापलंय, फोडणीच्या पळीला हे होतंच. आणि चहा-कॉफीच्या चमच्याला येणारा सपाट तपकिरी थर चहाचाच असतोय, खायचा सोडा ओला करून मऊ घासणीनं घासला की जातोय. पहिल्या दोन्हींना व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी पुरतंय. ह्या तिन्हींसाठी पुढचं काही करायची गरज नाही.

आता गंजाचं थोडं समजून घेऊया, नाहीतर पुढची तपासणी का करायची ते कळणार नाही. स्टेनलेस स्टील हे लोखंडच आहे, त्यात क्रोमियम कमीत कमी साडेदहा टक्के असतंय. त्या क्रोमियमचा हवेशी संबंध आला की वर ऑक्साइडचा एक इतका पातळ थर तयार होतो की तो डोळ्याला दिसत नाही. तो थर म्हणजे चमच्याची कातडी समजा, ओरखडा पडला तर हवा लागली की आपोआप परत भरून येतेय. पण भरून यायला दोन गोष्टी लागतात, पृष्ठभाग स्वच्छ पाहिजे आणि हवा पोचली पाहिजे. खरकटं चिकटलेलं, ओलं, एकमेकांवर दाबून ठेवलेलं, अशा ठिकाणी हवा पोचत नाही. आणि मिठातलं क्लोराइड ह्या थराला भोक पाडतंय. म्हणून "स्टेनलेस आहे, काय होत नाही" हे अर्धंच खरं आहे. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीनं १९१३ मध्ये हे स्टील ओतलं आणि तिथं ते आधी सुऱ्या-कटलरीलाच वापरलं गेलं, पण न गंजणारं म्हणजे कसंही वापरलं तरी न गंजणारं असं तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही.

तपासणी सोप्यापासनं सुरू करा. क्रम मोडू नका, कारण पहिल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही आणि बहुतेकांचं काम तिथंच होऊन जातंय.

पहिलं, नख लावून बघा

चमचा साध्या साबणानं धुवा, कोरडा करा आणि ठिपक्यावर नख फिरवा. ठिपका निघाला आणि खाली गुळगुळीत असेल तर लोखंडाचा कण बाहेरनं येऊन बसलाय आणि तो कण गंजलाय, चमचा नाही. खड्डा लागला तर चमच्याचं स्वतःचं स्टील खाल्लं गेलंय. ह्या दोन्हींचा उपाय वेगळा आहे म्हणून हे आधी. आणि बघताना डाग कुठं आहेत ते एका कागदावर लिहून ठेवा, वाटीत म्हणजे खोलगट भागात, मानेला म्हणजे वाटी-दांडा जुळतात तिथं, दांड्याला, टोकाला, कारण पुढं सगळं त्याच्यावरनंच कळतंय.

दुसरं, स्टँड बघा

हे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि माझ्या मते हे नख लावून झालं की लगेच बघायला पाहिजे. आषाढात, म्हणजे त्र्यंबोलीच्या जत्रा सुरू असतात तेव्हा, आमच्या शेजारच्या वैनी लेकीच्या रुखवतातला सेट घेऊन आल्या. नवा सेट, चांगला जड, आणि प्रत्येक चमच्याच्या दांड्याला टोकापासनं बोटभर अंतरावर एक तांबूस आडवी रेघ. मी म्हटलं, "वैनी, चमचे राहू देत, स्टँड घेऊन या." त्या म्हणाल्या, "अहो स्टँड तर स्टीलचाच आहे की." आणला, उलटा केला. तारेचा स्टँड, वरनं चकाचक, पण खालच्या कड्याला जिथं पाणी साठतंय तिथलं चकाकीचं पाणी उडालेलं आणि आतलं लोखंड तांबडंलाल. चमचे ओले उभे केले की दांडे त्या कड्याला टेकायचे आणि तिथं बरोबर रेघ उमटायची. चुंबक लावला तर स्टँडला घट्ट चिकटला. स्टँड बदलला, चमचे एकदा साफ केले, काम संपलं.

तर तुमच्या स्टँडच्या तळाला, वेल्डिंगच्या जागी, तारा जिथं एकमेकींवर बसतात तिथं बोट फिरवून बघा. बोटाला तांबूस लागलं की चोर सापडला. प्लॅस्टिकचा किंवा मातीचा स्टँड असेल तर तळात पाणी साठतंय का बघा, भोकं बुजलेली असतात आणि आत करडं पाणी असतंय, चमच्यांचे दांडे दिवसरात्र त्यात उभे. भोकं मोकळी करा, आठवड्यातनं एकदा स्टँड घासा. ड्रॉवरमधला चमच्यांचा ट्रे असेल तर त्यातला कागद किंवा मॅट उचलून बघा, खाली ओल असतेय.

तिसरं, घासणी आणि शेजार

तारेची घासणी दोन जातीची मिळते. एक स्टीलच्या चकचकीत वळ्यांची आणि एक बारीक केसासारख्या लोखंडी तारेची, दुसरी पाण्यात राहिली की दुसऱ्या दिवशी तांबडी होतेय. त्या दुसरीचे तुकडे चमच्यात, काट्याच्या खाचेत अडकतात आणि तिथंच गंजतात. घासणी साबणाच्या डब्यात तांबडं पाणी सोडत असेल तर ती कढई-तव्याला ठेवा, चमच्यांना मऊ स्पंज नाहीतर नारळाची शेंडी वापरा. चकचकीत स्टीलची घासणी गंज आणत नाही पण ओरखडे पाडतेय आणि ओरखड्यात घाण बसतेय, त्यामुळं चमच्यांना तीही नको.

शेजार म्हणजे काय, तर बेसिनमध्ये किंवा टबात चमच्यांबरोबर लोखंडी तवा, विळी, बिडाची कढई, जुनं उलथनं एकत्र भिजत पडलंय का. बिडाची भांडी परत वापरायची फॅशन आलीय, चांगलंच आहे, पण ती वेगळी धुवा. रात्रभर एकाच पाण्यात राहिली की सकाळी चमच्यांवर ठिपके असणारच. घरात भांडी घासायला मावशी येत असतील तर हे त्यांना समजावून सांगा, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, टबात सगळं एकत्र टाकून जातो आपणच.

चौथं, मीठ, आंबट, ब्लीच

नखाला खड्डा लागला असेल तर इथं जास्त लक्ष द्या. आपल्याकडच्या जेवणात मीठ, चिंच, दही, लोणचं, खर्डा, तांबडा रस्सा, सगळं चमच्याला लागतंय आणि जेवण झाल्यावर चमचा ताटातच वाळतोय. ताटात दोन-तीन तास राहिलं तर लगेच काही होत नाही, पण रात्रभर राहिलं आणि रोज राहिलं तर मिठाचा ओलसर थर एकाच जागी बसून तिथं खड्डा पाडतोय. लोणच्याच्या बरणीत, मिठाच्या डब्यात कायमचा ठेवलेला स्टीलचा चमचा मला दाखवा, त्याच्या मानेजवळ खड्डे असणारच. तिथं लाकडी नाहीतर चिनी मातीचा चमचा ठेवा. लग्नाच्या जेवणात लोणच्या-मिठाच्या वाटीतले चमचे आम्ही आल्या आल्या वेगळे काढतो आणि लगेच धुतो, बाकीचे नंतर धुतले तरी चालतंय.

त्याहून वाईट म्हणजे ब्लीच आणि फरशीचं ॲसिड. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरी कुंभार गल्लीपासनं व्हीनस कॉर्नरपर्यंत घरं-दुकानं साफ करताना लोकांनी ब्लिचिंग पावडर वापरली, ती घरासाठी लागतेच, पण त्याच पाण्यात स्टीलची भांडी घालून ठेवली आणि नंतर बघितलं तर बारीक बारीक काळे खड्डे. ब्लीच म्हणजे क्लोरीन, आणि ते स्टीलवर तासन् तास राहिलं की सुटका नाही. बाथरूमची फरशी साफ करायचं ॲसिड तर चमच्यांच्या आसपाससुद्धा आणू नका, आणि ब्लीच आणि ॲसिड, अगदी व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वसुद्धा, एकत्र कधीही करू नका, त्यातनं विषारी क्लोरीन वायू निघतो.

डिशवॉशर असेल तर तीन गोष्टी. त्याचं जाड मीठ भरताना जाळीत सांडलेलं असेल तर ते पुसून काढा आणि लगेच एक फेरी रिकामी चालवा. चमच्यांची जाळी किंवा रॅकची प्लॅस्टिकची कातडी फाटून तार उघडी पडलीय का बघा. आणि मशीन संपलं की दार उघडून चमचे पुसून घ्या, सकाळपर्यंत वाफेत ठेवू नका.

पाचवं, लिंबूसत्त्वाची आंघोळ

आता थोडा खर्च, तोही किराणा दुकानातल्या एका पुडीचा. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर गरम पाण्यात, हात घातला तर चटका बसेल पण उकळत नसेल अशा, साधारण पन्नास ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. भांडं स्टीलचं नाहीतर प्लॅस्टिकचं, ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी अजिबात नको. चमचे आधी साबणानं स्वच्छ धुवा, तेलकटपणा राहिला तर पाणी आत पोचत नाही, मग पूर्ण बुडतील असे वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. बाहेर काढून मऊ स्पंजनं चोळा, साध्या पाण्यानं दोनदा धुवा आणि लगेच सुती कपड्यानं पुसा.

हे का करायचं, तर लिंबूसत्त्व वर बसलेलं लोखंड विरघळवतंय पण क्रोमियमला फारसं हात लावत नाही, म्हणजे वरचा थर परत नीट तयार व्हायला जागा मोकळी होतेय. कारखान्यात स्टेनलेसचे पार्ट ह्याच पद्धतीनं साफ करतात, तिथं चार ते दहा टक्के सायट्रिक ॲसिड वापरतात, आपण घरी पाच टक्के करतोय. लिंबाची फोड घासून पण थोडा फरक पडतो, पण मीठ-लिंबू एकत्र घासायचा जो उपाय सगळीकडं फिरतोय तो स्टीलला करू नका, तो तांब्या-पितळेचा उपाय आहे.

सोनेरी रंगाचे किंवा चांदीचं पाणी दिलेले चमचे ह्यात घालू नका. मुठीचे चमचे असतील तर फक्त पुढचा भाग बुडवा.

सहावं, चार चमचे वेगळे ठेवा

आंघोळ झाल्यावर त्याच सेटमधले चार चमचे वेगळे काढा. ते स्पंजनं धुवायचे, लगेच पुसायचे आणि कोरड्या डब्यात नाहीतर कपाटात ठेवायचे, स्टँडमध्ये नाही. बाकीचे नेहमीसारखे वापरा. आठवडाभरानं दोन्ही शेजारी ठेवून बघा. वेगळे ठेवलेले स्वच्छ आणि बाकीच्यांवर ठिपके, म्हणजे दोष तुमच्या स्टँडचा, घासणीचा किंवा ओलीचा. दोन्हींवर ठिपके, म्हणजे दोष स्टीलचा नाहीतर पाण्याचा. ह्या एका गोष्टीवरनं जेवढं कळतंय तेवढं दुकानदाराशी तासभर बोलून कळत नाही. आमच्याकडं नवीन लॉट आला की आम्ही आधी हेच करतो.

ओलीबद्दल अजून एक. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत, मग झाकण लावलेल्या डब्यात ओले टाकलेले चमचे कसे वाळतील. पावसाळ्याचे चार महिने पुसूनच ठेवायचे. फक्त पावसाळ्यात ठिपके येत असतील आणि उन्हाळ्यात नाही, तर तुमचा शोध इथंच संपला.

सातवं, चुंबक, पण त्याचा अर्थ नीट घ्या

"चुंबक चिकटला म्हणजे डुप्लिकेट" हे मी इतक्या जणांकडनं ऐकलंय आणि ते चूक आहे. चमच्यामागं १८/८ लिहिलेलं असतंय, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल, ह्यालाच ३०४ म्हणतात. १८/१० त्याच जातीचं, निकेल थोडं जास्त. ह्यांना चुंबक चिकटत नाही, पण दाबून-वाकवून बनवलेल्या ठिकाणी, मानेला वगैरे, थोडी ओढ जाणवू शकते, ते चालतंय. १८/० मध्ये निकेल नसतंय, त्याला चुंबक चांगला चिकटतो आणि तरीही ते खरं स्टेनलेस आहे, नीट पुसून वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतंय. मीठ-आंबटाला मात्र १८/८ पेक्षा कमी दम धरतंय.

आणि उलट बाजू. निकेल महाग म्हणून ते कमी करून मँगनीज घातलेलं २०० सिरीजचं स्टील बाजारात भरपूर आहे, २०२ किंवा जे-फोर म्हणतात ते. त्यालाही चुंबक चिकटत नाही! म्हणजे दुकानदारानं चुंबक लावून "बघा, चिकटत नाही, ओरिजिनल" म्हटलं तर त्यावरनं ३०४ सिद्ध होत नाही. २०० सिरीज दिसायला तेवढीच चकचकीत असतेय, पण ओलीत आणि मिठात लवकर ठिपके धरतेय. तुमचे वेगळे ठेवलेले चार चमचे पण ठिपकले, चुंबक चिकटत नाही आणि पाण्यात दोष नाही, तर बहुतेक ही जात आहे. टाकून द्यायची गरज नाही, कोरड्या वापराला, पोहे-उप्पीट-शिऱ्याला ठेवा.

सुऱ्यांचं वेगळं आहे. धार धरायला स्टील कडक लागतंय, म्हणून सुरीच्या पात्यात क्रोमियम साधारण तेरा टक्के आणि कार्बन जास्त. चुंबक चिकटणारच, आणि चमच्यापेक्षा लवकर गंजणारच, सेट कितीही भारी असला तरी. फक्त सुऱ्यांवर ठिपके असतील तर सेट खराब नाही. सुरी भिजत घालू नका, वापरली की धुवून पुसा, एवढंच.

ग्रेड नक्की जाणून घ्यायचा असेल तर भंगार घेणारे स्टीलवर केमिकलचा थेंब टाकून बॅटरी लावतात आणि रंगावरनं जात ओळखतात. घरच्या दोन डझन चमच्यांसाठी एवढं करू नका. हॉटेल, मेस, कार्यालयासाठी शेकड्यानं घेणार असाल तर करा, आपल्याकडं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव ह्या भागात फाउंड्र्या आहेत त्यामुळं धातू तपासणाऱ्या लॅबही आहेत. एक चमचा देऊन रिपोर्ट घ्या, मग ऑर्डर द्या.

आठवं, पाणी

हे शेवटी कारण ह्यात पैसे जातात. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ते चमच्यांवरच दिसत नाही, बादलीच्या तळाला, संडासच्या भांड्याला, फरशीच्या जोडात, पांढऱ्या कपड्यांवर पण तांबूस छटा येतेय. एका काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवा, तळाला तांबडा गाळ बसला तर संशय पक्का. घरातली जुनी लोखंडी पाइपलाइन असेल तर सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतंय, ते बादलीत सोडून द्या आणि नंतरच्या पाण्यात चमचे धुवा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं विसळणं कॉर्पोरेशनच्या पाण्यात करा, ते जमत नसेल तर निदान पुसून ठेवा, थेंब वाळू देऊ नका. थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जातंय आणि क्षार तिथंच घट्ट होऊन बसतंय.

कुठं थांबायचं

पोपडे सुटत असतील तर घरी काही करू नका, साफ करायचा प्रयत्न पण नको. तो लोखंडावर पाणी चढवलेला चमचा आहे, पोपडा तोंडात जाईल, कड लागेल. भंगारात. गुळगुळीत चमच्यावरच्या एखाद्या तांबूस ठिपक्यानं काही अपाय होत नाही, पण पोपडे, तडा गेलेली मान आणि धारदार झालेली कड, हे तीन दिसले की तो चमचा लहान मुलांच्या हातात तर अजिबात नको.

मुठीच्या आतनं तांबडं पाणी येत असेल तर आतली खिळी किंवा पात्याचं शेपूट गंजलंय. फेव्हिक्विक, एम-सील भरून उपयोग नाही, आत ओल अडकून अजून लवकर सडतंय. सुरी चांगली असेल तर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडनं मूठ बदलून घ्या, साधी असेल तर सोडून द्या.

खड्डे पडलेत पण चमचे जड, चांगले, आजीच्या वेळचे आहेत, अशा वेळी सँडपेपर घेऊन बसू नका. उद्यमनगरात बफिंग-पॉलिश करणारे आहेत, त्यांच्याकडं द्या. देताना एक गोष्ट आवर्जून सांगा, लोखंड पॉलिश केलेल्या चाकावर हे करू नका, स्टेनलेसचं वेगळं चाक वापरा. नाहीतर त्या चाकातले लोखंडाचे कण चमच्यात रुतून बसतात आणि महिन्यात पहिल्यापेक्षा जास्त ठिपके येतात. पॉलिश होऊन आले की परत एकदा लिंबूसत्त्वाची आंघोळ घाला. खोल खड्डे पॉलिशनं जात नाहीत, पॉलिशवाला नाही म्हणाला तर आग्रह करू नका, चमचा पातळ होऊन मानेत वाकतो.

चांदीचं पाणी दिलेलं असेल तर सोनाराला दाखवा. डिशवॉशरमध्ये रॅक, जाळी, मीठ सगळं बघून झालं आणि तरी मशीनमधनं काढलेल्या प्रत्येक वस्तूवर तांबूस छटा असेल तर कंपनीचा माणूस बोलवा, आत स्वतः उघडू नका. आणि बाटलीच्या तळाला गाळ बसला तर पाणी लॅबमध्ये तपासून घ्या, रिपोर्ट हातात आल्याशिवाय फिल्टर विकणाऱ्याला घरात बोलवू नका.

नवीन घ्यायचेच असतील तर

नुसतं "एसएस" किंवा "फूड ग्रेड" कोरलेलं असेल तर त्यावरनं ग्रेड कळत नाही. १८/८, १८/१०, ३०४ असं काहीतरी चमच्यामागं पाहिजे, आणि बिलावर पण ग्रेड लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल तर त्या किमतीत तो ग्रेड नाही असं समजा.

हातात घेऊन मान बघा, वाटी आणि दांडा जिथं जुळतात ती जागा. अंगठ्यानं जरा दाबली की वाकत असेल तर आइसक्रीममध्ये दुसऱ्या दिवशीच वाकेल. मग काट्याच्या दातांच्या आतनं बोट फिरवा. बाहेरनं सगळेच चकचकीत करतात, आतली खाच खरखरीत सोडलेली असेल तर तिथं घाण बसणार आणि पहिला ठिपका तिथंच येणार. मी चमचा निवडताना सगळ्यात जास्त वेळ ह्याच जागेवर घालवते. कडा पण बघा, वाटीची कड ओठाला टोचत असेल तर ते कापून नीट घासलेलं नाही.

किलोवर स्वस्त मिळतंय म्हणून सहा डझन एकदम उचलू नका. सहा चमचे घ्या, महिनाभर वापरा, तेही शक्यतो पावसाळ्यात, मग बाकीचे त्याच लॉटमधले घ्या. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या कानातल्यानं कान सुजतात अशी, तर १८/० चे घेतलेले बरे.

आणि नाव घालायचं असेल तर दांड्याच्या मागच्या बाजूला, टोकाकडं घालून घ्या, वाटीत किंवा मानेवर नको. त्या टिंबटिंबांच्या खाचेत खरकटं आणि मीठ बसतंय, जुन्या चमच्यांवर पहिले तांबूस डाग बरोबर अक्षरांतनं सुरू झालेले दिसतात. आधीच घातलेलं असेल तर दर धुण्याला जुना मऊ टूथब्रश त्या अक्षरांवरनं फिरवा, तो ब्रश बेसिनजवळ वेगळा टांगून ठेवा.